आधी खोड सांगावी

केनवडच्या भर बाजारात, मिरच्यांच्या पोत्यांशेजारी, डोळे मिटून एका पायावर उभा राहणारा चाळिशीचा जमीनदार तुम्ही पाहिला नसेल. मी दर आठवड्याला पाहत होतो. ते आमचे वामनराव. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासणीत त्यांना असं उभं करून तोल पाहिला होता, तेव्हापासून हा नेम. पोरं त्यांना 'बगळेराव' म्हणत. वामनराव डोळे न उघडता म्हणत, "हासा लेको! बगळाच उडते, म्हैस नाई उडत."

मी गावच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्यांच्याकडे सहा बैलजोड्यांची शेती होती, पण जीव सगळा विमानात. एकोणीसशे पन्नासनंतर नागपूरच्या एका क्लबात जाऊन ते विमान उडवायला शिकले आणि हौसेनं उडवण्याचा परवाना घेऊन आले. तो परवाना ठरावीक मुदतीनं डॉक्टरी तपासणीत पास झालं तरच चालू राही. त्यासाठी त्यांनी तंबाखू सोडली. बाजारातल्या वडाखाली उभं राहून ते समोरच्या तेलाच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत. पाटी पाठ झाली तेव्हा दुकानदाराला दर सोमवारी खडूनं नवी अक्षरं काढायला लावू लागले. मी हसलो, तर म्हणाले, "पाठ करून पास व्हनारे तुह्या शायेत. मले डोये पाह्यजेत."

बैलबाजारातही त्यांची तीच रीत. गिऱ्हाईक बैलाच्या शेपटीला हात लावायच्या आत ते त्याची खोड सांगून टाकत. "हा चढावावर बसते. पाह्यजे त घ्या, नाई त रामराम." एकदा त्यांचा एक देखणा बैल चार बाजार तसाच परत आला. मी चिडलो. ते म्हणाले, "अरे, ज्याच्या गाडीत लेकरं बसन, त्याले आधी ठाऊक पाह्यजे."

एका वर्षी पौषात त्यांच्या खळ्यावर ज्वारी उपणायचं काम चाललं होतं. गडी जेवायला गेले होते. आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो आणि वामनराव माझ्या सुशीलेला विमानातून फिरवायचं म्हणत होते. सुशीला माझी नऊ वर्षांची पोर, ती वर्षभर याच गोष्टीची वाट पाहत होती. बोलता बोलता त्यांच्या हातातली कपबशी पडली. डोळे पांढरे झाले, अंग लाकडासारखं ताठलं, तोंडाला फेस आला. लोक करतात म्हणून मी पायातली वहाण काढून त्यांच्या नाकाशी धरली आणि लहान पोरासारखा रडू लागलो. ते शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, मी काय म्हनत होतो?"

तीन आठवड्यांवर तपासणी होती. मी म्हणालो, "वामन, उपाशी होता तू, चक्कर आली. कोनी पाह्यलं नाई. मी मरेपर्यंत बोलत नाई."

ते ज्वारीच्या राशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "बरं. पास झालो का सुशीलेले घेऊन ये. तिलेच पह्यले बसवतो."

माझ्या तोंडून 'हो' निघेना. दुसऱ्या कोणाची पोर असती तर मी गप्पच राहिलो असतो, हे त्या क्षणी मला कळलं आणि माझीच मला शिसारी आली. वामनरावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पडलेली कपबशी उचलून ठेवली.

नागपूरला मीही सोबत गेलो. डोळे, कान, छाती, एका पायावरचा तोल, सगळं अव्वल. डॉक्टर खूश होते. "झटके, बेशुद्धी, असं कधी काही नाही ना?" असं विचारता विचारताच ते 'नाही' लिहायला लागले. मी भिंतीकडे पाहिलं.

"थांबा साहेब," वामनराव म्हणाले. "आधी खोड आयका." आणि खळ्यावरचं सगळं सांगितलं. "या मास्तरनं माह्या नाकाले वहान लावली होती. विचारा त्याले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलेलं खोडलं, आणि वामनरावांचं उडणं त्याच खोलीत संपलं. परतीच्या गाडीत मी भांडलो. एकदाच तर झालं होतं, तिथं काय बैल विकायला गेला होतास, म्हणालो. त्यानंतर बाजारात ते दोन्ही पायांवर उभे राहू लागले. पोरांनाही हसू येईना.

चैत्रात एका सकाळी त्यांचा गडी धावत शाळेत आला. "मास्तर, चाला! मालकाची दमनी रस्त्यात उभी हाये, अन् मालक बोलत नाईत!"

मी तसाच पळालो. शेताच्या वाटेवर दमनी, म्हणजे त्यांची छोटी बैलगाडी, थांबलेली होती. कासरा खाली लोंबत होता आणि वामनराव आत आडवे, ओठांवर फेस. दोन्ही बैल शांतपणे रवंथ करत उभे होते. वर आभाळ लख्ख होतं. अशा दिवशी ते हटकून उडायला जात.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, बैलांकडे पाहिलं.

"बैल थांबले रे, मास्तर," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "सुशीला कुठी हाये?"

"शायेत हाये," मी म्हणालो, आणि त्यांच्या ओठांवरचा फेस पुसला.

त्यांनी मान हलवली आणि दमून पुन्हा डोळे मिटले.