फळ्यांखालचा पारा

आर्नुल्फ हेनिंग आल्टनबाखच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्यांचं व्याख्यान ऐकायला वैद्यकीची पोरंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसत. औषधविक्याचा हा थोरला मुलगा. बापाचं दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून इकडे आलेला. वायूंचं मोजमाप हा त्यांचा विषय, आणि ते काम पाऱ्याशिवाय होत नसे. नळ्यांत पारा, पंपात पारा, टेबलावरच्या परातीत पारा. एखादी नळी फुटली की तो लाकडी जमिनीवर सांडायचा. मोठे थेंब कागदावर गोळा करायचे. बारीक थेंब फळ्यांच्या फटींत जायचे, तिकडे कोण बघतो? मोजमापाला वाऱ्याची झुळूकही चालत नाही, म्हणून खिडक्या बंद. हिवाळाभर शेगडी पेटलेली.

चाळिशी उलटल्यावर हेनिंगांचं डोकं दुखायला लागलं. नाक कायम चोंदलेलं, हिरड्यांतून रक्त. मग शिकवता शिकवता शब्द सापडेनात. रोजच्या आम्लाचं नाव फळ्यावर लिहायला वळले आणि खडू हातात धरून तसेच उभे राहिले. हातही थरथरू लागले.

"सकाळी सकाळीच दोन ग्लास झालेत," मागच्या बाकावरचा एकजण कुजबुजला, आणि ते गावभर झालं. हेनिंगांच्या घरात बिअरची बाटलीसुद्धा उघडत नव्हती, हे एकट्या मथिल्डेला, त्यांच्या बायकोला, माहीत होतं. पण ती कुणाकुणाला सांगत फिरणार? मुख्य प्राध्यापकाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा बाहेरून एका तरुण माणसाला आणलं गेलं. हेनिंगांचा विचारही झाला नाही. तेव्हापासून त्यांच्या जिभेला धार चढली.

युस्टुस राऊ त्यांचा सहायक. डोंगरातल्या एका गिरणीवालीचा मुलगा, बाप लहानपणीच गेलेला. हेनिंगांनीच त्याला वर्गातून निवडून घेतलं होतं. असं डोकं फार दिवसांत पाहिलं नाही, असं त्या दिवशी घरी येऊन मथिल्डेला सांगितलं होतं. युस्टुस सकाळपासून त्याच खोलीत असायचा. दुपारी तिथेच टेबलाच्या कडेला पाव आणि सॉसेज खायचा. दोन वर्षं फार चांगली गेली. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्याही हातून गोष्टी निसटायला लागल्या.

एका सकाळी पंप फुटला. तो काचेचा पंप हेनिंगांनी अख्खा हिवाळा खपून स्वतः जोडला होता.

"काय केलंत?"

"हात सरकला, प्रोफेसरसाहेब."

"आणि कालचं मोजमाप?"

"केलं होतं." युस्टुसने कपाळ दाबलं. "किती आलं ते आठवत नाही."

"लिहून ठेवायचं कुणी? मी?"

"लिहायचं राहिलं."

हेनिंगांचंही डोकं सकाळपासून ठणकत होतं. ते म्हणाले, "गिरणीवाल्याच्या घरचं पोर, डोक्यात कोंडाच निघायचा. राऊ, रसायनशास्त्र तुमच्याकडून व्हायचं नाही. आज नाही, कधीच नाही. घरी जा."

युस्टुसने वाद घातला नाही. "मलाही हल्ली तसंच वाटतं," एवढंच म्हणाला, आणि काचा गोळा करू लागला. हेनिंगांनी तेही करू दिलं नाही.

मग महायुद्ध आलं आणि गेलं. वर्गात पोरं कमी झाली, मग पुन्हा वाढली. हेनिंग शिकवत राहिले. पण त्यांच्या व्याख्यानाला आता परीक्षेपुरतेच लोक येत.

युद्धानंतर काही वर्षांनी गॅसची नवी नळी टाकायला खोलीची जमीन उखडली. सुताराने पहिल्या दोन फळ्या काढल्या आणि तो खाली वाकून बघत राहिला.

"प्रोफेसरसाहेब, जरा इकडे या. तुम्ही चांदीवर बसलाय की काय?"

फळ्यांखाली धुळीत पारा होता. खाचाखाचांत साचलेला, वाडगे भरतील इतका. शेजारूनच शेगडीचं धुराडं जात होतं. हेनिंग गुडघ्यांवर बसले. शेगडी पेटली की या खोलीच्या हवेत काय मिसळत असेल, हे समजायला त्यांना क्षणही लागला नाही. टोप्या बनवताना पारा वापरणाऱ्या कारागिरांचे हात त्याच्या वाफेने थरथरतात, हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं.

खोली बदलली. वर्षभरात हिरड्या बऱ्या झाल्या, डोकेदुखी थांबली. हरवलेली नावं एकेक करून परत आली, आणि त्यांच्याबरोबर ती सकाळही आली. एका संध्याकाळी जेवता जेवता त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मथिल्डे, राऊचा हात उगीच सरकला नव्हता गं. त्यालाही तेच झालं होतं."

"मग जाऊन सांग त्याला," ती म्हणाली. "पत्र नको पाठवूस. स्वतः जा."

ते गेले. गिरणीचं दार युस्टुसच्या बहिणीने उघडलं, आल्माने. नाव ऐकल्यावर तिने त्यांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

"युस्टुस नाही," ती म्हणाली. "युद्धात गेला, फ्रान्समध्ये."

टोपी हातात धरून उभ्या उभ्याच हेनिंगांनी पाऱ्याची सगळी हकिकत सांगितली.

ऐकून झाल्यावर आल्मा म्हणाली, "इथे आल्यावर वर्षभरात त्याचे हात थांबले होते. चमचे कोरायचा, घड्याळं दुरुस्त करायचा. आम्हाला वाटलं, आईच्या हातचं खाऊन बरा झाला. मग साखर कारखान्याने त्याला रसायनतज्ज्ञ म्हणून बोलावलं. दोनदा. कारखान्याच्या माणसांना सैन्यात नेत नव्हते, माहितीये ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"हा गेला नाही. म्हणाला, प्रोफेसरांनी सांगितलंय, माझ्याकडून व्हायचं नाही. त्यांना कळत असेल ना? मी भांडले त्याच्याशी. पण तुमच्यापुढे माझं काय चालणार होतं!"

हेनिंगांना बसावंसं वाटलं, पण ते बसले नाहीत.

"आता आईला सांगा," आल्मा म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगा."

म्हातारी खिडकीपाशी वाटाणे सोलत होती. हेनिंगांनी तिच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं. ओरडून बोलावं लागत होतं.

"म्हणजे माझा मुलगा हुशार होता?"

"हो, बाई. फार हुशार होता."

"ते मला ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली. "त्याला ठाऊक नव्हतं." आणि तिने पुढची शेंग उचलली.

परत आल्यावर हेनिंगांनी सगळं लिहून छापलं. काही ठिकाणी फळ्या उखडल्या गेल्या; काहीजण हसले, म्हणाले, दारूला बरं कारण शोधलं. दर सत्राचं पहिलं व्याख्यान हेनिंग पाऱ्यावर देत आणि युस्टुस राऊ हे नाव घेऊन, आपण त्याला काय बोललो ते शब्द न गाळता सांगत. वर्ग खाली मान घालून ऐकायचा. मथिल्डे एकदा म्हणाली, "आर्नुल्फ, पोरांसमोर दरवेळी कशाला?" ते म्हणाले, "त्याला बोललो तेव्हा शेजारच्या खोलीत पोरं होतीच की."

नोव्हेंबरात, गेलेल्यांची आठवण करायच्या मृतांच्या रविवारी, ते डोंगरात जात. युस्टुसची कबर तिथे नव्हतीच. चर्चच्या भिंतीवर युद्धात गेलेल्या इतरांच्या ओळीत नुसतं नाव होतं. तिथे थोडा वेळ थांबून ते गिरणीवर येत. आल्मा कॉफी द्यायची. बोलणं फारसं होत नसे. म्हातारी वारली त्या वर्षी आल्मा म्हणाली, "आता नका येत जाऊ, प्रोफेसरसाहेब. चढ आहे, तुम्हाला दम लागतो."

"मग कुठे जाऊ?"

तिने त्यांचा पेला पुन्हा भरला.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मूत्रपिंडं निकामी होऊन ते गेले. दफनाला विद्यापीठाची माणसं होती, विद्यार्थी होते, आणि सगळ्यांच्या मागे साधा काळा कोट घातलेली एक बाई उभी होती. तिला तिथे कुणी ओळखत नव्हतं. मथिल्डेनेही तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती गर्दीतून वाट काढत मागे गेली, तिच्या हातात हात घातला आणि तिला कबरीपाशी पुढे घेऊन आली.