सांडूभाऊंच्या मोटारसायकलला कारचा टायर

सांडू दांडगे वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षांपासून लेथ चालवतात. पण त्यांचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं, कारखाना यांच्याच सल्ल्यावर चाललाय. त्यांचं प्रत्येक वाक्य "टेक्निकली बघायला गेलं तर" इथून सुटतं. वरणात मीठ जास्त पडलं तरी टेक्निकली, जावळ काढताना पोरगं रडलं तरी टेक्निकली. एकदा मयतीला गेले, तर तिरडी बांधणाऱ्याला म्हणाले, "टेक्निकली बघायला गेलं तर लोड मागं जास्त येतोय."

तर या सांडूभाऊंनी मोबाइलवर एका परदेशी दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला. बाबानं मोटारसायकलच्या मागच्या चाकाला चक्क कारचा टायर बसवला होता आणि वर खुशीत बडबडत होता. सांडूभाऊंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण एवढी लांब दाढी ठेवणारा माणूस खोटं कशाला बोलेल? सांडूभाऊंची गाडी पाय पुढं सोडून बसायची, लांबोडकी. मागचं चाक पंधरा इंची. कारचा टायरही पंधरा इंची मिळतो. जमलं!

छावणीतल्या मेकॅनिक इलियासभाईनं टायर हातात घेतला, गाडीकडं बघितलं, मग सांडूभाऊंच्या तोंडाकडं बघितलं.

"नक्को करो, दांडगेसाब. मोटारसायकल का टायर गोल रैता. गाडी झुकती, तबीच मुडती. ये तो सपाट है, पाट के माफिक."

"इलियासभाई, टेक्निकली बघायला गेलं तर, जेवढं रबर जमिनीला, तेवढी पकड. वरून दुप्पट चालतोय!"

"हौ, चलता. सीधा चलता. लेकिन तुमारा घर सीधे में है क्या?"

सांडूभाऊ ऐकतात थोडीच! चेनचं कव्हर काढलं, मडगार्डचा पत्रा ठोकून मागं सारला, टायर कोंबला. मागून बघितलं तर गाडी अशी दिसायची, जशी सडपातळ नवऱ्यामुलाला पैलवानाची चड्डी घातलीय.

सरळ रस्त्यावर गाडी राजा होती. पंचाईत वळायची. गल्लीच्या तोंडाशी सांडूभाऊ आधी खांदा त्या बाजूला टाकायचे, मग गुडघा, मग जीभ. तरी गाडी शेजारच्या वच्छलाबाईंच्या ओट्याला जाऊन टेकायचीच. चार दिवसांत वच्छलाबाईंनी ओट्यावरच्या कुरडया उचलून गच्चीत नेल्या. त्यात सांडूभाऊंना गल्लीतल्या पोरांना झापायची खोड. "आजकालच्या पोरांना वळण नाय," असं ते म्हणाले, तेव्हा वच्छलाबाई गच्चीवरून ओरडल्या, "आधी गाडीला लावा, भाऊ!"

तिसऱ्याच फेरीला त्यांची बायको, कडूबाई, अर्ध्या रस्त्यात उतरली. "मी नाय बसत. तुम्ही वळता तव्हा माझा जीव सरळ जातो."

हे मात्र लागलं. कारण कारखान्यात सगळ्यांचा एकच प्रश्न होता: "टायर झकास हाये भाऊ, पण वहिनी बसतात का मागं?" बावीस वर्षं जगाला शहाणपण वाटणाऱ्या माणसाच्या मागं घरचंच माणूस बसत नसेल, तर त्या शहाणपणाला कोण विचारणार?

अजिंठ्याचा घाट उतरला की खाली फर्दापूर, ते कडूबाईचं माहेर. तिथं तिच्या भावाची, विश्वजीतची, वास्तुशांती आली. सांडूभाऊंनी संधी साधली. "याच गाडीवरून तुला भावाच्या दारात उतरवतो. मग परत तक्रार करायची नाय."

"अन् नाय उतरवलं तर?"

"टायर काढतो."

"ठरलं," म्हणत कडूबाईनं पिशवी उचलली.

अजिंठ्यापर्यंत सांडूभाऊ शीळ घालत होते. घाटातलं पहिलं वळण आलं. त्यांनी खांदा टाकला, गुडघा टाकला, जीभ काढली. गाडीनं वळणाकडं ढुंकूनही बघितलं नाही. निघाली सरळ कठड्याकडं. दोन्ही पाय घासत त्यांनी ती थांबवली, तेव्हा कठडा हातभर उरला होता. मागून ट्रकवाला ओरडला, "ओ काका, दरीत काय काम काढलं?"

कडूबाई उतरली. पदर सावरला, खाली जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपला हात केला आणि आत बसता बसता म्हणाली, "या तुम्ही निवांत. टेक्निकली."

सांडूभाऊ घाट दोन्ही पायांनी वल्हवत उतरले. वळण आलं की थांबायचं, मागचं चाक रेटून बाजूला घ्यायचं, पुढं सरकायचं. कठड्यावरची माकडं शेंगा खायच्या सोडून बघत बसली. ते दारात पोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि नव्या चपलेचा तळ कागदासारखा झाला होता.

"या दाजी," विश्वजीत म्हणाला. "ताई येऊन, जेवून, एक डुलकीबी झाली तिची. गाडी ढकलत आणली का?"

"टेक्निकली बघायला गेलं तर," सांडूभाऊ घाम पुसत म्हणाले, "घाटच चुकीचा बांधलाय. उताराला एवढी वळणं द्यायची गरज नव्हती."

मांडवभर हशा पिकला. वाढप्याच्या हातातली बुंदी सांडली. सांडूभाऊंनी सगळ्यांकडं दुर्लक्ष केलं, कडूबाईकडं बघितलं आणि एकदम बारीक आवाजात विचारलं, "जाताना तरी बसशील ना गं?"

"बसते ना! न बसायला काय झालं?" कडूबाई खणखणीत म्हणाली. "ह्या टायरचा झोका करून लिंबाला टांगा. जलमभर बसते त्याच्यावर."

ती रविवारी एसटीनं परतली. टायर शब्दाप्रमाणं निघायला हवा होता. तो गाडीलाच होता. सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी डिवचलंच, "काय भाऊ, बसल्या का वहिनी?"

सांडूभाऊंनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "अरे, भर मांडवात, शंभर माणसांसमोर म्हणली: ह्या टायरवर जलमभर बसते!"

डिवचणाऱ्यानंच भाऊंच्या चहाचे पैसे दिले. आणि टेक्निकली बघायला गेलं, तर सांडूभाऊ खोटंही बोलले नव्हते.