ग्लाफिराने धरलेली तसबीर

ग्लाफिराचा मला राग आहे. तिला जाऊन पाच वर्षं झाली, तरी तो जात नाही.

पॅरिसच्या कडेला, बिलांकूरमध्ये, रशियातून पळून आलेल्या आम्ही तिघी एका खोलीत राहायचो: मी, राजकुमारी वार्वारा आणि तिला लहानपणापासून सांभाळणारी मोलकरीण ग्लाफिरा. राजकुमारी माझ्याबरोबर दिवसभर शिवणघरात झग्यांवर मणी शिवायची. चुकायची, उसवायची, पण कुरकुर नाही. घरी आली की ग्लाफिरा तिचे जोडे काढणार आणि स्वतः उभ्यानेच बटाटे खाणार. झार गेला, महाल गेला, हिची चाकरी काही सुटली नाही.

राजकुमारीचं पहिलं लग्न अठराव्या वर्षी एका जर्मन सरदाराशी लावलं होतं. तेव्हा आईने मेरीमातेची तसबीर तिच्या डोक्यावर धरून आशीर्वाद दिला होता. तीन वर्षांत ती लग्न मोडून माघारी आली. मग क्रांतीत आईवडील मारले गेले. ग्लाफिराने ती तसबीर परकरात शिवून तिच्यासोबत देशाबाहेर आणली.

बत्तिसाव्या वर्षी राजकुमारीचा जीव लुक्यानवर जडला. टॅक्सी चालवायचा, भला माणूस. आमच्यात नवरीला आई नसली की दुसरी कुणी आई म्हणून उभी राहते आणि तसबीर धरते. लग्नाच्या आदल्या दिवशी राजकुमारी ग्लाफिराला म्हणाली, "ग्लाशा, माझी आई म्हणून तू उभी राहा."

"भलतंच काय, बाईसाहेब. या हातांनी तुमची भांडी घासली. तेच तुमच्या डोक्यावर धरू?"

"आईचा हात माझ्या डोक्यावर एकदाच आला, तोही चारचौघांत. वेणी रोज कोण घालायचं?"

ग्लाफिरा ऐकेना. मी धरते म्हटलं, तर राजकुमारी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आशीर्वादावाचूनच चर्चमध्ये उभी राहिली. ग्लाफिरा दारापाशी सगळ्यांचे कोट सांभाळत होती. राजकुमारीने दोनदा मागे वळून पाहिलं.

दोन वर्षांत राजकुमारी क्षयाने गेली. शवपेटी झाकायच्या वेळी ग्लाफिराने पाद्रींना थांबवलं आणि पिशवीतून तसबीर काढली. दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तिला नावाने हाक मारली.

"जा, वार्या. सुखाने संसार कर, बाळ."

लुक्यान शेजारीच उभा होता, लग्नातलाच कोट घालून.