वरच्या दिशेचा शूळ

"वरच्या दिशेला शूळ कुठल्या वारी असतो गं?" गार्डअण्णा आत बसून बायकोला विचारत होते.

"वर गेलेलं कुणी परत येतंय होय? म्हणून पंचांगात लिहिलं नसेल," असं म्हणून अक्का पुन्हा मिरी कुटायला लागल्या.

मी त्यांच्या खिडकीखाली, दोन घरांमधल्या बोळात, जास्वंदीची फुलं काढत होते. मुद्दाम ऐकत नव्हते असं म्हणणार नाही. न बोलणाऱ्या माणसाला कान तरी वापरावेच लागतात. शिवाय विषय मीच होते. येत्या बुधवारी सकाळी मी जक्कूरच्या मैदानावर विमान चालवण्याच्या पहिल्या धड्याला जाणार होते, आणि निघण्याआधी मी काय खावं हे गार्डअण्णांना ठरवता येत नव्हतं. अण्णांना काही ठरवता येत नाही, हेच मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चामराजपेटेतल्या आमच्या क्रॉसवरून, म्हणजे आडव्या गल्लीतून, कुणी परगावी निघालं की आधी अण्णांकडे जायचं, अशी रीत होती. अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. उंच, किंचित पुढे वाकलेले, पांढऱ्या मिशा कात्रीनं सरळ कापलेल्या. त्यांचं ठाम मत होतं की प्रवासात माणूस आजारी पडतो तो प्रवासानं नव्हे, निघताना खाल्लेल्यानं. "गाडी चुकली तर दुसरी मिळते," ते म्हणायचे, "फराळ चुकला तर पुढच्या स्टेशनपर्यंत सोबत येतो." म्हैसूरला जाताना उप्पीट चालेल, मद्रासला दहीभात, पुण्याच्या लांबच्या गाडीला दशम्या आणि कोरडी चटणी. त्यावर पंचांग होतंच. कोणत्या वारी कोणत्या दिशेला शूळ, म्हणजे त्या दिशेला जाणं वाईट, आणि जायचंच असेल तर त्या वाराचा कोणता पदार्थ तोंडात टाकून निघावं म्हणजे दोष जातो, हे त्यांना पाठ होतं. रेल्वेचं वेळापत्रक आणि पंचांग ते एकाच फळीवर ठेवत, आणि दोन्हींत मतभेद झाला तर वेळापत्रकाला पुन्हा एकदा चष्मा लावून बघत.

या विद्येचा ते उपयोगही करून घेत. एकदा अक्कांचा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून हुबळीहून आला आणि हलेचना. अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. रोज सकाळी त्याची आंघोळ झाली की ते वाटी घेऊन पुढे व्हायचे, निघणाऱ्या माणसाला देतात तशी दहीसाखर त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि प्रेमानं विचारायचे, "आज कुठली गाडी?" तळहातावरची दहीसाखर नाकारायची नसते. तो बिचारा खायचा आणि मुकाट्यानं ओसरीवर बसायचा. आठवडा संपायच्या आत तो खरंच गाडीत बसला. अक्कांनी नंतर बरेच दिवस अण्णांच्या पानात दही वाढलं नाही. अण्णा म्हणाले, "बरं झालं. मला तरी कुठं जायचंय?"

स्वतःच्या पोटाबद्दल त्यांना फार अभिमान. गाडीच्या शेपटीला गार्डाचा डबा असतो, तो सगळ्यांत जास्त हलतो, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. त्या हलत्या डब्यात उभ्यानं त्यांनी गुंटकलचे बोंडे खाल्ले होते, अर्शीकेऱ्याचं नारळपाणी प्यायलं होतं, आणि उभ्या नोकरीत एकदाही ओकले नव्हते. "हे पोट नव्हे, लोखंडी पेटी," असं म्हणत ते तिच्यावर टिचकी मारून दाखवायचे. क्रॉसवरची पोरं त्यांना पाठीमागे 'लोखंडी पेटी'च म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडत होतं.

आमच्या घरात मराठी, दारात कन्नड आणि माझ्या शाळेत नन्सचं इंग्रजी. तीन भाषा येत असूनही मी एकीतही फारशी बोलत नसे. कुणी मला काही विचारलं की आई उत्तर द्यायची, आई नसली तर अप्पा, आणि दोघं नसले तर विचारणाराच स्वतः उत्तर देऊन मोकळा व्हायचा. अण्णांचं तसं नव्हतं. ते प्रश्न विचारून थांबायचे. मिशीवरून हात फिरवायचे, रस्त्याकडे बघायचे, आणि कुणी मध्ये बोलायला लागलं तर म्हणायचे, "स्वल्प थांबा. लाइन मोकळी ठेवा. पुट्टी येतेय." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. मी कॉलेजात गेले तरी मी पुट्टीच.

विमानाचं प्रकरणही त्यांच्याच ओसरीवर उघडं पडलं. कॉलेजातून निवडलेल्या मुलींत माझं नाव होतं, डॉक्टरी तपासणी झाली होती, आणि घरी सांगायचं कसं हे मला कळत नव्हतं. अण्णांनी विचारलं, "पुट्टी, काहीतरी लपवतेयस," आणि नेहमीप्रमाणे रस्त्याकडे बघत बसले. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "डबे किती असतात त्याला?"

अप्पांकडे रदबदली त्यांनीच केली. अप्पा नाही म्हणाले नाहीत; अप्पा कधीच सरळ नाही म्हणत नसत, ते अट घालत. "एकदा जाऊन बघू दे. पण चक्कर, उलटी, काहीही झालं तर तिथंच संपलं. पुन्हा विषय काढायचा नाही. आणि अण्णा, तुम्ही सोबत जा. काय झालं ते मला तुम्ही सांगायचं."

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले. "रिपोर्ट मी देईन."

आणि म्हणून ते बुधवारच्या काळजीत पडले होते. जक्कूर उत्तरेला. बुधवारी उत्तरेला शूळ, त्याला तीळ खाल्ले की झालं. पण जक्कूरहून पुढे मी जाणार होते वर, आणि पंचांगात आठ दिशांची सोय होती, वरच्या दिशेची नव्हती. विमानाचं नाव पुष्पक आहे हे मी सांगितलं तेव्हा त्यांना क्षणभर धीर आला. अक्कांनी तो लगेच घालवला. "मूळ कुबेराचं ते. रावणानं हिसकावून नेलं. कुठल्या वारी नेलं ते बघा आधी."

दोन दिवस विचार करून अण्णांनी रेल्वेच्या पद्धतीनं तोडगा काढला. कुठल्या सिग्नलचा भरवसा नसेल तर सगळेच तपासायचे. वरच्या दिशेचा वार माहीत नाही, तर सातही वारांचे पदार्थ खाऊन जावं. कुठला तरी लागू पडेलच.

मला शिकवणाऱ्या साहेबांनी तपासणीच्या दिवशीच सांगितलं होतं की पोट रिकामं ठेवू नका आणि भरूही नका, एखादा टोस्ट आणि थोडा चहा पुरे. हे वाक्य मी जिभेवर घेऊन बुधवारी पहाटे अण्णांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. ते जिभेवरच राहिलं, आणि त्याच्यावरून एकेक वार आत गेला. रविवारचं तूप, भातासकट. सोमवारचं दूध. मंगळवारचा गूळ. तीळ. गुरुवारचं दही, आधीच्या दुधावर. शुक्रवारसाठी जवाचं पीठ ताकात कालवलेलं, आणि शनिवारचा उडीद म्हणून एक वडा. अण्णांनी प्रत्येकी चमचाभरच सांगितलं होतं. पण अक्कांचा चमचा म्हणजे डाव. शेवटी अक्का म्हणाल्या, "एवढुसं पोट, त्यात आठवडा कसा मावणार?" आणि माझ्या हातावर आणखी एक वडा ठेवला. घरी आईनं उप्पीट केलं होतं, तेही टाळून चाललं नाही.

मार्केटहून पहिली बस. हेब्बाळ सोडल्यावर रस्त्याचे खड्डे सुरू झाले. अण्णा दर धक्क्याला माझ्याकडे वळून समाधानानं म्हणत, "बघ, काही होत नाहीये."

विमान जवळून फार लहान दिसलं, दोघंजण शेजारीशेजारी बसतील एवढंच. अण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन शेपटी नीट बघितली, तिथं गार्डाची जागा नाही याची खात्री करून घेतली आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. साहेब बारीक अंगाचे, कमी बोलणारे. मला ते तिथंच आवडले.

वर जे झालं ते सांगायचं तर पहिली काही मिनिटं माझ्याजवळ शब्द नव्हते, आणि पहिल्यांदाच कुणी ते मागतही नव्हतं. खाली हेब्बाळचं तळं, नारळीच्या रांगा, कौलांचे तुकडे. साहेबांनी दांडा माझ्या हातात दिला. मी तो डावीकडे झुकवला आणि सगळी जमीन आज्ञाधारकपणे डावीकडे उठली. माझं आजवर इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा झुकवला. मग पोटात आधी गुरुवार हलला, त्याच्या पाठोपाठ सोमवार. साहेबांनी न बघता कागदी पिशवी पुढे केली. पिशवी पुरली नाही. ओढणी वापरावी लागली.

खाली उतरल्यावर साहेबांनी अण्णांना कन्नडमध्ये विचारलं की मुलीनं काय खाल्लं होतं. अण्णांनी एकही वार न गाळता सांगितलं. साहेब ऐकत राहिले. "म्हणजे तुम्ही मुलीबरोबर पूर्ण आठवडा वर पाठवलात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा. पोट हळूहळू शिकेल, सगळ्यांचं शिकतं. पुढच्या बुधवारी ये. दोन इडल्या खा, चटणी नको."

परतीच्या बसमध्ये अण्णा हेब्बाळपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. मी नळाखाली ओढणी धुतली होती, पण डाग पुरता गेला नव्हता, आणि वास तर मुळीच नाही. शेवटी ते म्हणाले, "ती ओढणी माझ्याकडे दे." त्यांनी ती खांद्यावर टाकली, पंचा टाकतात तशी.

पुढची गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर शेवटाला डोळे भरून येतील, आणि अण्णांना ते खपायचं नाही. "निघताना रडू नये, सिग्नल दिसत नाही," हे त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी ते आणि अक्का मुलाकडे धारवाडला राहायला गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओसरीवर आले आणि मला म्हणाले, "पुट्टी, उद्या आम्ही काय खाऊन निघावं?" सगळ्या क्रॉसला फराळ सांगणाऱ्या माणसानं मला विचारलं. मी सांगितलं, ते त्यांनी वाद न घालता खाल्लं. आता आमच्याकडून कुणी परगावी निघालं की लोक सवयीनं त्यांच्या बंद दारापर्यंत जातात आणि मग इकडे वळतात. धारवाडहून येणाऱ्या कुणाबरोबर अण्णांचा निरोप असतोच: वर जाणं चालू आहे ना, आणि चटणी खात नाहीस ना.

पण त्या बुधवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. अप्पा कचेरीचा कोट घालून ओसरीवर उभे होते. आई दारात होती, अक्का कुंपणाशी होत्या, समोरच्या घरातले पोस्टमास्तर पेपर गुंडाळून मुद्दाम थांबले होते.

"काय झालं, अण्णा?" अप्पांनी विचारलं. मला नाही.

"राइट टाइम सुटली, राइट टाइम आली," अण्णा म्हणाले. "घटना काही नाही."

अप्पांनी नाक आक्रसलं. त्यांची नजर ओढणीवर गेली. "मग हे काय?"

"हे होय?" अण्णांनी खांद्यावरून ओढणी काढून तिच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. "हे माझं. साहेब फार भला माणूस. म्हणाला, म्हातारबुवा, तुम्हीही एक फेरी मारा. मारली. मला सोसली नाही. पुट्टीनं बिचारीनं ओढणी दिली."

मग अक्का हसायला लागल्या. "तुम्हाला? गुंटकलचे बोंडे पचवणाऱ्यांना?" पोस्टमास्तर म्हणाले, "लोखंडी पेटीला गंज चढला म्हणायचा." अप्पासुद्धा हसले, आणि अप्पा फार क्वचित हसत. आईनं तोंडाला पदर लावला. "आता गावाला जाताना विचारायचं कुणाला?" पोस्टमास्तर म्हणाले. "माझी मेहुणी शुक्रवारी शिमोग्याला निघालीय. तिला सांगतो, स्टेशनवर चौकशी कर."

अण्णाही हसत होते. फक्त त्यांचे कान लाल झाले होते, आणि टिचकी मारायचा तो हात पोटावर नुसताच ठेवलेला होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मार्केटपर्यंत जाणार होती.

"बरं, ते असू दे," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "पोरीला तर काही झालं नाही ना?"

"छे," अण्णा म्हणाले. "तिला काय होणार?"

सगळे पुन्हा हसले. अप्पांनी छत्री उचलली. विषय संपला होता, माझ्या बाजूनं संपला होता, मी फक्त आत जाऊन हातपाय धुवायचे होते.

"अप्पा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "उलटी मला झाली. अण्णांनी जमीन सोडलीच नाही. आणि पुढच्या बुधवारी मी पुन्हा जाणार आहे, दोन इडल्या खाऊन."