माहेरी गेलेली डुकरीण

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे मी तरुण असताना, जेमतेम साठीची, मी आजारी डुकरीण कांद्याच्या चाळीत लपवली. लई हुशार समजत होते स्वतःला! डुकरांच्या तापाची साथ आली होती. एकीत रोग सापडला की सगळीच मारून पुरतात, असं आमच्या पिंपरी पेंढार गावभर झालं होतं.

अन् नेमका रक्त तपासणारा डॉक्टर दारात. बोली लोणीकडची, नाव विचारायचं सुचलंच नाही. आत येण्याआधी त्याने औषधाच्या पाण्यात गमबूट घासले, दोनदा. मागे राहिलेल्या तिच्या पिल्लांकडे बघून म्हणाला, "ही तर दूधपिती. आई कुठंय?"

"माहेरी गेलीय," माझ्या तोंडून निघालं.

तो हसला नाही. "किती दिवसांसाठी?" एवढंच विचारून त्याने पुन्हा बूट घासले आणि चाळीतली घुरघुर ऐकून थेट तिकडे निघाला. डुकरिणीचा कान अंगठ्याने चोळत, तिच्याशी हळू बोलत त्याने रक्त काढलं, इंजेक्शन दिलं. "रिपोर्ट येईस्तोवर ही इथंच. पिल्लांना बाटलीनं पाजा."

तीन दिवस मी बाटल्या भरल्या. त्याच्यासारखीच औषधाच्या पाण्याची बादली दाराशी ठेवून चपला दोनदा धुतल्या. एखादं पिल्लू शिंकलं तरी उठून त्याचे कान चाचपायचे. शेवटी त्या डॉक्टरचा फोन आला, तो मी हातातली बाटली न ठेवताच उचलला.

"काकू, तो रोग न्हाई, साधा ताप व्हता. आता तिला माहेराहून आणा, लेकरं वाट बघत्यात."