न पेटलेल्या चुलीची नोंद

नागपूरच्या सदर भागातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीने शहराच्या आसपासच्या गावांत निर्धूर चुली वाटायच्या, आणि बायका त्या वापरतात की नाही ते पाहायचं, असा तो कार्यक्रम. वाटायचं काम दुसऱ्यांकडे होतं. पाहायचं काम माझ्याकडे.

पाहायचं म्हणजे बहुतेक वेळ कॉम्प्युटरवर. प्रत्येक चुलीच्या बाजूला काडेपेटीएवढा सेन्सर बसवलेला असे. तो दर दहा मिनिटांनी चुलीचं तापमान टिपून ठेवायचा. महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी गावात जाऊन ती नोंद फोनवर उतरवून आणायचं आणि तिचा आलेख व्हायचा. तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की चूल पेटली, खाली आलं की विझली, असा सरळ हिशेब. शिवाय एक सर्वेक्षक मुलगी टॅब घेऊन घरोघरी प्रश्न विचारून यायची. आलेख आणि टॅब यांचं उत्तर जुळलं की आम्ही ते खरं मानायचो.

मी लहानाची मोठी झाले कोराडीच्या कॉलनीत. वडील वीज केंद्रात होते. आमच्या घरी गॅस होता, पण पलीकडच्या वस्तीतल्या मैत्रिणींकडे चुलीपाशी बसून मी कितीतरी वेळा जेवले होते. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत मी ठासून सांगितलं होतं, की चूल मला कळते.

त्या वर्षी चुली दिवाळीनंतर वाटल्या गेल्या. हिवाळाभर आलेखांत रोज दोन लहान उंचवटे दिसायचे, सकाळी एक, संध्याकाळी एक. मार्चमध्ये बऱ्याच घरांचे उंचवटे गायब झाले. एप्रिल अर्धा सरला तसे ते परत आले, पण आता दोन नव्हते. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत एकच लांबलचक उंचवटा. वापराचे तास एकदम वाढले. परदेशातल्या त्या संस्थेकडून आमच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मी ऑफिसात बसूनच उत्तर लिहिलं: उन्हाळ्यात लग्नकार्यं असतात, पाहुणे असतात, मोठा स्वयंपाक दिवसभर चालतो. वाचायला ते बरं वाटत होतं. त्यांनाही पटलं. अर्धवार्षिक अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं गेलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नोंद उतरवायला जाणारा सहकारी आजारी पडला, म्हणून मी गेले. कोराडीच्या पुढचं गाव. बसमधून उतरून पायी चालले तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. यादीतलं पहिलं घर पन्नाशीच्या एका बाईचं होतं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात त्या आणि त्यांचा मुलगा. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला जायचा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांनी मला आधी बसवलं, डोक्याला रुमाल बांधून निघायला हवं होतं म्हणून रागावल्या आणि माठातलं पाणी दिलं.

"चूल कुठे आहे मावशी?" मी विचारलं.

"कोणती? तुमचा डब्बा?"

त्यांनी मागच्या अंगणाकडे हात केला. टिनाच्या पत्र्याला लागून, भर उन्हात आमची चूल उभी होती. तिच्यावर परात, परातीत मुंगवड्या वाळत घातलेल्या. सेन्सरकडे हात नेताना माझी बोटं चुलीच्या पत्र्याला लागली आणि मी हात झटकन मागे घेतला. तव्यासारखी तापली होती. चुलीत राख नव्हती. एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं.

मी फोन जोडला. कालच्या दिवसाचा आलेख उघडला. अकरापासून साडेपाचपर्यंत, एकच लांब उंचवटा.

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. काय झालंय हे कळायला मला काही वेळ लागला नाही, पण उठायला लागला.

"मावशी, ही चूल तुम्ही शेवटची कधी पेटवली?"

"होळीच्या आधी पेटवली असंन. मंग नाही."

"काहून?"

"तिचं तोंड लहान आहे नं बाई. त्यात लाकूड बारीक फोडून टाकावं लागते. माहा खांदा दुखून राहिला तवापासून मले कुऱ्हाड उचलता येत नाही. जुन्या चुलीत कसं, अख्खं लाकूड लावलं अन् सरकवत गेलं."

"पण आमच्या टॅबवाल्या मुलीला तर तुम्ही सांगितलं, चूल दोन वेळा पेटवता."

"पेटवतोच नं दोन टाईम. ते पोरगी म्हणे चूल किती वेळा पेटवता, मी म्हणलं दोन टाईम. डब्ब्याचं तिनं कुठं इचारलं?"

मी टॅबमधला प्रश्न आठवून पाहिला. तो मीच मराठीत लिहिला होता. 'तुम्ही चूल दिवसातून किती वेळा पेटवता?' त्यात कोणती चूल, हे कुठेच नव्हतं.

त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी यादीतल्या बाकीच्या घरी गेले. काही घरी चूल खरंच वापरात होती, बायका खूशही होत्या. पण पुष्कळ घरी ती अंगणात, पत्र्यावर, गोठ्याच्या भिंतीला टेकलेली होती. एका घरी तिच्यावर सायकलची ट्यूब सुकत होती. सहकाऱ्याने हे पाहिलं असणार, पण त्याला आम्ही फक्त नोंद आणायला सांगितलं होतं. फोनवरच्या आलेखात मात्र सगळीकडे सारखाच लांब स्वयंपाक.

आमच्या ऑफिसचे प्रमुख शांत स्वभावाचे गृहस्थ होते. वीस वर्षं अशाच कार्यक्रमांत काम केलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रिपोर्ट तर गेला," ते म्हणाले.

"हो सर. त्यात माझंच वाक्य आहे."

"तुमची खात्री आहे? उद्या ते म्हणतील, चार बायकांच्या बोलण्यावरून तुम्ही मशीनला खोटं ठरवता."

मी स्टोअररूममधून एक कोरी चूल काढली. तिला सेन्सर लावला आणि ती ऑफिसच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून दूर, उन्हात नेऊन ठेवली. दोन दिवस कुणी तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी नोंद उतरवली आणि सरांच्या टेबलावर फोन ठेवला. आमच्या गच्चीवर दोन्ही दिवस सहा-सहा तास स्वयंपाक झाला होता.

ते हसले नाहीत. "मीटिंग लावतो," म्हणाले. "बोलायचं तुम्ही."

व्हिडिओवर मूल्यमापन करणाऱ्या बाई होत्या आणि त्यांचे दोन सहकारी. त्यांच्या खिडकीबाहेर ढगाळ होतं, एकाने स्वेटर घातला होता. मी गच्चीवरच्या चुलीचा आलेख स्क्रीनवर दाखवला. बाई म्हणाल्या, हे फारच नियमित घर दिसतंय, मोठं कुटुंब आहे का? मी सांगितलं, हे घर नाही, ही आमच्या ऑफिसची गच्ची आहे. चूल आजवर एकदाही पेटलेली नाही.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे आत्ता किती तापमान आहे? सरांनी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. पेटण्याची रेषा आम्ही इथल्या हवेत ठरवली होती, त्या म्हणाल्या, तिकडे कुणी तपासून पाहिलीच नाही. मी म्हणाले, तपासायचं काम माझं होतं, आणि लग्नकार्यांचं कारण मी मनाने लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली. रागावल्या की नाही, ते मला आजही माहीत नाही.

अहवाल मागे घेतला गेला. नवा अहवाल मी गावात जाऊन, बायकांना विचारून लिहिला आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ पातळ झाला. ज्या पुढच्या टप्प्याची सगळे वाट पाहत होते तो वर्षभर लांबणीवर पडला. आमच्यातल्या तिघांचे करार वाढले नाहीत. त्यांतली एक ती सर्वेक्षक मुलगी होती, एक मी. मुलीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, टॅबवर जे लिहिलं होतं तेच मी विचारलं." पुढे तिला शहरातल्या एका दवाखान्यात नोंदणीचं काम मिळालं, त्यासाठी मी माझ्या ओळखीने एक चिठ्ठी दिली होती. सात-आठ महिन्यांनी मलाही दुसरीकडे काम मिळालं.

करार संपायच्या आठवड्यात सेन्सर गोळा करायला मी गावात शेवटची गेले. पाऊस सुरू झाला होता, मावशींची चूल पडवीत आली होती. सेन्सर काढायच्या आधी मी त्यांना म्हटलं, "यात तुमच्या आठ महिन्यांची नोंद आहे. बघायची?" इतक्या घरांत फिरले, पण ज्या घरची नोंद त्या घरच्या बाईला मी कधी दाखवली नव्हती.

त्या चष्मा लावून शेजारी बसल्या. मी बोटाने आलेख सरकवत गेले. थंडीतले दोन-दोन उंचवटे बघून त्या म्हणाल्या, "हे सकाळचं. हे संध्याकाळचं. तवा मी रोज पेटवत होती, चांगली जळे." मग एका जागी त्यांनी माझं बोट धरून थांबवलं. तिथे बारा-तेरा दिवस रेषा सपाट होती.

"हे बाळंतपणाचं," त्या म्हणाल्या. "पोरीकडे गेली होती मी. नातीन झाली."

आम्ही त्या सपाट दिवसांसाठी 'वापर बंद' असा शेरा मारला होता. त्या पुढे सरकल्या. फेब्रुवारीच्या शेवटी उंचवटे बुटके होत गेले होते. "इथं खांदा दुखाले लागला. पोरगं म्हणे राहू दे वं आई, जुनीच पेटव." मग सपाट. मग उन्हाळा; हा लांब उंचवटा नुसत्या उन्हाचा, मी सांगितलं. तिथे आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं, मलाही आलं.

मी वही काढली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या सांगत गेल्या, मी तारखांसमोर लिहीत गेले. मधेच त्या उठून चहा ठेवायला गेल्या, तर मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. आतून त्यांनी विचारलं, "साखर चालते नं तुमाले?"