सोप्यातून सुटणारी गाडी

आगगाडीवर आमच्या दाजींएवढा जीव लावलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल, आणि आगगाडीत बसायला त्यांच्याएवढी टाळाटाळ करणाराही दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. केजच्या तहसील कचेरीत कारकून. केजला आगगाडी नव्हती. जवळची म्हणजे बार्शीची छोटी लाईन, आणि ती हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात. तरी गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की दाजी आपणहून दारात उभे राहायचे. "बार्शीहून कापड मी आणतो. तुमी कावून तरास घेता?" बैलगाडीची हाडं खिळखिळी करणारी वाट तुडवून ते बार्शी गाठायचे, स्टेशनाच्या कडेला लिंबाखाली बसून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी डोळे भरून बघायचे, आणि दुकानं बंद होता होता कापडाची आठवण होऊन बाजाराकडे धावायचे. त्यामुळे केजच्या एका पिढीतल्या नवऱ्या मुली दुकानदाराच्या हाताला जो रंग लागेल त्या रंगात बोहल्यावर चढल्या. एकीच्या बापानं चिडून विचारलं, "हिरवं सांगितलं हुतं, हे लाल कसं?" दाजी गडबडून म्हणाले, "लाल हाय का? मंग थांबावं लागंल." आणि ते लग्न खरोखरच पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबलं.

मी त्यांना एकदा म्हणालो, "दाजी, इतक्यांदा जाता, एकदा बसून तरी बघा." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी देवळात जाऊन गाभाऱ्यात झोपायचं म्हणतोय. "आरं, गाडीत बसल्यावर गाडी कुटं दिसती? दिसत्यात ती झाडं. झाडं काय केजला न्हाईत?" अक्का चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "भितात, दुसरं काय."

गाडी केजला येत नाही म्हटल्यावर दाजींनी ती घरात आणली. त्यांचा मुलगा दिगू तेव्हा पाटीवर धुळाक्षरं गिरवत होता आणि गोदी, धाकटी, रांगत होती. आष्टीच्या बाजारातून दाजींनी एक मेलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि त्याची किल्लीनं ताणायची कमान काढून घेतली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन झालं. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या चिरून आणल्या, त्यांचे रूळ झाले. बाभळीच्या ढलप्या खाली अंथरल्या. चाकं सुतारानं करून दिली, पण पहिली चाकं रुळावरून घसरायची. मग त्यांना आतल्या अंगानं कडा हवी हे त्या सुताराला पटवताना दाजी महिनाभर त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसले. शेवटी सुतार अक्काला म्हणाला, "वैनी, ह्येंना घरी बसवा, माज्या पोरांस्नी भाकरी खाऊ द्या." डबे काडेपेट्यांचे. त्यांना रंग द्यायचं काम अक्काचं. ती हळद, गेरू आणि नीळ घेऊन बसायची, तोंडानं नवऱ्याला बोल लावायची आणि हातानं डब्यांना खिडक्या काढायची. त्या खिडक्यांतून तिनं माणसंही बसवली होती, आणि त्यातली निम्मी आमच्या भावकीतली आहेत हे नीट पाहिलं की ओळखू यायचं.

गाडी घराच्या पुढच्या सोप्यातून सुटायची. सोपा म्हणजे केज. तिथून मधल्या घरात, आणि तिथून एक फाटा देव्हाऱ्यापाशी. ते नारायणगड, कारण तिथं देव. दुसरा फाटा स्वयंपाकघरात, आणि शेवटी गोठ्यात. गोठ्याचं नाव आष्टी, तिथं गवताचा बाजार भरतो म्हणून. पण मधलं घर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये हातभर जाडीची मातीची भिंत होती, आणि बोगद्याशिवाय लाईन कसली? अक्का माहेरी, म्हणजे आमच्याकडे, चार दिवस आली होती तेवढ्यात दाजींनी पहार घेतली. परत गेल्यावर अक्कानं ते भगदाड पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भित्तीला भोक चोर पाडतो न्हाईतर उंदीर. तुमी ह्यातलं कोण?" दाजी म्हणाले, "मी लाईन टाकनारा." दोन दिवस चूल अबोल होती. तिसऱ्या दिवशी मधल्या घरात पाहुणे जेवायला बसले असताना भिंतीतून खडखडत गाडी आली आणि तिच्या शेवटच्या डब्यावर शेंगदाण्याची चटणी होती. पाहुणे ताटावरून उठून नाचायचे तेवढे राहिले. त्या दिवसापासून अक्का भिंतीविषयी काही बोलली नाही, उलट गाडी उशिरा आली की तीच आतून ओरडायची, "कुटं अडकली?"

अडकायची बोगद्यातच. घड्याळाच्या कमानीला भिंतीच्या मध्यापर्यंतच दम होता. मग वेळूच्या काठीनं ढकलायची. त्यावर उपाय म्हणून दाजींनी एकदा खरी वाफ करून पाहिली, पितळी लोट्याला नळी डाकवून. लोटा उडून माळवदाच्या छताला जाऊन आपटला आणि दाजींची अर्धी मिशी गेली. कचेरीतल्या पेशकारांनी विचारलं, "क्या हुआ, जनाब?" दाजी म्हणाले, "सफर में थे." उरलेली अर्धी मिशी त्यांनी उतरवली नाही. गेलेली पुन्हा येईपर्यंत ते तसेच कचेरीत गेले.

एकदा गावात साखळी घेऊन एक मोजणीदार आला. लाईन टाकायला आलाय असं समजून दाजींनी त्याला घरी नेलं, पुरणपोळी घातली, आपली गाडी दाखवली, आणि स्टेशन कुठं असावं याचा सल्ला दिला. तो बिचारा जमिनी मोजायला आला होता. पण इतक्या आग्रहानं कुणी खाऊ घालत असेल तर नाही कशाला म्हणा, म्हणून तो दोन दिवस मान डोलावत राहिला. खरं कळल्यावर दाजी एवढंच म्हणाले, "जेवला तर पोटभर. येईल लाईन. आज न्हाई तर उद्या."

या सगळ्यात सांध्याचं काम दिगूचं होतं. मधल्या घरात दोन वाटा फुटायच्या, एक देव्हाऱ्याकडे आणि एक स्वयंपाकघराकडे. तिथं लोखंडी खिळ्याचा दांडा होता. तो पुढं ओढला की गाडी एकीकडे, मागं ढकलला की दुसरीकडे. दिगू तिथं मांडी घालून बसायचा आणि गाडी येईपर्यंत डोळ्याची पापणी हलवायचा नाही. बाकीची पोरं चिंचा पाडायला गेली तरी तो उठायचा नाही. तेव्हा मोठा झाल्यावर तो खऱ्या लाईनीवर सांधेवाला म्हणून लागला यात कुणाला नवल वाटलं नाही. छोट्या लाईनीवरचं एक आडवळणी स्टेशन त्याला मिळालं. दाजींनी गावभर गूळ-खोबरं वाटलं. अक्का मात्र म्हणाली, "एवडं लांब कशाला? कचेरीत चिकटवा की." दाजी हसले. "कचेरीत काय हालतंय? तितं सगळं बसूनच असतंय."

दिगू सणाला यायचा, तेव्हा बापाला म्हणायचा, "आबा, एकदा चला. माज्या ठेसनापस्तोर बसून चला. मी सांदा लावून उभा ऱ्हातो, तुमी खिडकीतून बगा." दाजींचं उत्तर ठरलेलं. "तुजी बढती हू दे. तू मास्तर झाला की येतो, ऐटीत येतो." दिगू निघाला की ते वेशीपर्यंत त्याच्याबरोबर जायचे, आणि घरी येऊन गाडीला किल्ली द्यायचे. सांध्यावर आता गोदी बसायची.

मग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. त्या वर्षी माणसं कशी गेली ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. मी तेव्हा केजलाच होतो. बार्शीकडून आलेल्या एका व्यापाऱ्यानं निरोप आणला, की दिगू तापानं पडलाय. दाजींनी अंगरखा घातला आणि मला म्हणाले, "चल." अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "माज्या पोराला घिऊन या. गाडीत घाला, कशातबी घाला, पन घिऊन या."

बैलगाडीनं जवळचं स्टेशन गाठलं आणि दाजी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसले. फळीच्या कडेला, अंग चोरून, दोन्ही हात गुडघ्यांवर. खिडकी उघडी होती. मी म्हणालो, "दाजी, बघा, डोंगर लागला." त्यांनी मान हलवली, पण वळून पाहिलं नाही. गाडी थांबली की ते उठून उभे राहायचे आणि दिसेल त्याला विचारायचे, "कावून थांबली? कवा सुटंल?" ज्या माणसाला उभी असलेली गाडी बघायला दिवस पुरायचा नाही, त्याला त्या दिवशी तिचं घोटभर पाण्यासाठी थांबणंही सोसवत नव्हतं. इंजिनाची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

दिगूच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. पत्र्याची एक खोली, एक बाक, एक बोराचं झाड. दाजी मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिगंबरचा बाप." मास्तर खुर्चीवरून उठले. ते उठले तेव्हाच मला कळलं. दिगू आदल्या दिवशीच गेला होता. साथ होती, थांबणं शक्य नव्हतं. त्याच्या सोबत्यांनीच ओढ्याकाठी सगळं केलं होतं. दाजी ओढ्याकाठी गेले, राखेपाशी बराच वेळ बसले. परत आल्यावर त्यांनी मास्तरांना विचारलं, "त्याचा सांदा कंचा?" मास्तरांनी दाखवला. उन्हानं तापलेला लोखंडी दांडा होता. दाजींनी त्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "दाजी, भाजंल." ते म्हणाले, "पोराला रोज भाजत आसंल."

परतीची गाडी समोर उभी होती. ते चढले नाहीत. आम्ही पायी आणि मिळेल त्या बैलगाडीनं घरी आलो. अक्कानं रिकामी बैलगाडी पाहिली. ती रडली नाही. तिनं दाजींकडे बघून एवढंच म्हटलं, "तुमच्या गाडीनं माजं लेकरू नेलं." दुसऱ्या दिवशी दाजींनी खाली बसून एक एक कामटी उपटली, जुडगे बांधले आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिले. बोगदा मातीनं लिंपला. लिंपताना ओली जागा हातानं सारखी करत राहिले, ती वाळेपर्यंत.

थंडी सरायच्या सुमाराला एक म्हातारा दारात आला. पिकलेली दाढी, खांद्यावर घोंगडी. दिगूच्या स्टेशनावर तो दिवे लावायचं काम करायचा. दिगूला तापात पाणी पाजणारा तोच. घोंगडी दिगूची होती. अक्कानं ती घेतली आणि मांडीवर ठेवली. त्याला जेवायला वाढलं. जेवता जेवता तो म्हणाला, "माँजी, लई हसवायचा तुमचा पोरगा. बोलता था, मेरे घर में रेल है. दिवार में से आती है, चटणी लाती है. हम सब हसते थे. मास्तर बी बोले, झूट बोलता बे तू."

अक्का भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला. दिगू गेल्यापासून ती दाजींशी कामापुरतंच बोलत होती. आता ती सरळ त्यांच्याकडे वळली.

"काडा ती गाडी," ती म्हणाली. "दाकवा ह्यास्नी. माजं पोर खोटं बोलत नव्हतं."

दाजी उठले नाहीत. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तेव्हा अक्का स्वतः गोठ्यात गेली, माळ्यावरचे जुडगे खाली ओढले, आणि पहार आणून भिंतीवरचा लिंपा पाडला. मग दोघं शेजारी शेजारी बसून रूळ अंथरू लागले. गोदी खिळे देत होती. काही कामट्या वाळून वाकल्या होत्या, त्या दाजींनी गुडघ्यावर घेऊन सरळ केल्या. म्हातारा भिंतीला टेकून बघत होता.

दाजींनी किल्ली दिली. गोदी सांध्याकडे निघाली, पण तिच्याआधी अक्काच जाऊन बसली. तिनं तो दांडा कधी हातात धरला नव्हता. गाडी आली तेव्हा तिनं तो उलटा ओढला, आणि स्वयंपाकघराकडे निघालेली गाडी नारायणगडाला जाऊन देवाच्या समईवर आदळली. गोदी खुदकन हसली. मग अक्काही हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. इतक्या दिवसांचं रडू तिनं तिथं, रुळांच्या मध्ये बसून, रडून घेतलं. दाजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "सच्चा था लडका. मैं जाके सबको बोलूंगा."

त्यानंतर ती गाडी घरात राहिली. रोज धावली नाही, पण कुणाचं मूल रडत आलं की दाजी किल्ली द्यायचे. बार्शीला मात्र ते पुन्हा गेले नाहीत. लग्नाची कापडं आता ज्याची त्यानं आणायची. एक नवीनच सवय त्यांना लागली. गावातलं कुणीही परगावी निघालं, ओळखीचं असो नसो, की पहाटे दाजी वेशीपाशी हजर असत. बैलगाडीबरोबर चार पावलं चालत आणि म्हणत, "पोचलात की कळवा बरं का." लोक हो म्हणत. काही कळवत, पुष्कळ विसरत. कुणाचं कार्ड आलं की दाजी ते अक्काला वाचून दाखवत आणि म्हणत, "पोचला बग."

मी नोकरीसाठी दूर गेलो, वर्षानुवर्षं कुठं कुठं फिरलो, आणि प्रत्येक ठिकाणी उतरल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्यांना दोन ओळी लिहायचो. दाजी गेले त्याला आता बराच काळ झाला. अक्काही गेली. अजूनही नव्या गावी उतरलो की माझा हात खिशातल्या कार्डाकडे जातो. मग आठवतं, आणि मी तसाच थोडा वेळ उभा राहतो.